गोधडीची उलटी बाजू

मशीनवर शिवलेली गोधडी कोणी दाखवायला आणली की मी ती आधी उलटी करते. समोरून सगळ्याच गोधड्या देखण्या असतात. चौकोन जुळलेले, कडेला लाल पट्टी, मध्ये एखादं कमळ. शिवणारीचं काम कळतं ते मागच्या बाजूला, आणि त्यासाठी डोळेही लागत नाहीत, नुसता तळवा फिरवायचा. टाका नीट बसलेला असेल तर दोरा हाताला जाणवत नाही, तो कापडात रुतलेला असतो. बिघडलेला असेल तर एकतर दोरा ताणून सरळ वर पडलेला असतो, नखाने उचलला तर वीतभर उचलला जातो. नाहीतर बारीक बारीक फासे बोटांना लागत जातात. मोठ्या माणसाच्या अंथरुणात ते चालून जाईल. बाळंतविड्यातल्या गोधडीत चालत नाही. बाळाच्या वाळ्याची घुंगरी अशा फाशात अडकली की ते पाय झाडत रडतं आणि घरभर कुणालाच कळत नाही काय झालं ते.

मी धुळ्याला देवपुरात राहते आणि मशीनवर गोधड्या शिवून देते. ‘मशीनवर’ हे हल्ली जरा आवाज उतरवून सांगावं लागतं, कारण हाताच्या गोधडीचं शहरात कौतुक फार वाढलंय. ते कौतुक खोटं नाही. पण माझ्याकडे येणारी बाई आईची लुगडी पिशवीत घालून येते आणि तिला दिवाळीच्या आधी अंगावर घ्यायला काहीतरी हवं असतं. आमच्याकडे मे महिन्यात 43-44 अंशांत भाजून निघालेली माणसं डिसेंबरात 6-7 अंशांना कुडकुडतात. गोधडी इथे शोभेची वस्तू नाही. दोघांची गोधडी हाताने, एकटीने, घरचं सगळं सांभाळून शिवायची तर एक हिवाळा तिच्यातच जातो. मशीनवर तेच काम आठवड्यात होतं. फक्त मशीन मनासारखं चाललं पाहिजे, आणि गोधडीच्या जाडीखाली ते मनासारखं चालेलच असं नाही. ज्या मशीनवर वर्षभर ब्लाऊज बिनतक्रार निघतात तेच गोधडी घातली की रुसतं. मग फोन येतो, “ताई, टेन्शन बिघडलंय. किती नंबरावर ठेवू?”

टेन्शन म्हणजे मशीनमधली दोऱ्याची ओढ, ती आकड्यांच्या चकतीने कमीजास्त करतात. पण या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही.

माझ्या मायला हा प्रश्न कधीच पडला नव्हता, कारण तिच्या हातात दोरा एकच होता. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. शिमगा झाला की आखाजीपर्यंत गल्लीतली अंगणं रिकामी दिसत नसत. एका खाटेवर बिबड्या वाळत घातलेल्या, दुसरीकडे कुरडया, आणि कडुनिंबाच्या सावलीत चटईवर पसरलेली गोधडी, तिच्या चार बाजूंना चार बाया. ज्या जुन्या लुगड्यावर उन्हाळाभर बिबड्या थापल्या जात तेच पुढे धुऊन गोधडीच्या पोटात जाई. कडेपासून सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. सुई वरून खाली गेली, खालून वर आली, तोच दोरा दोन्ही अंगांना दिसला. ओढ किती द्यायची ते बोटांना कळायचं. जास्त ओढला तर कापड गोळा व्हायचं, माय तळव्याने ते पुढे सारून द्यायची आणि बोलणं चालूच राहायचं. चार बायांचे चार हात, चार वेगळ्या ओढी, तरी गोधडी सपाट. कारण प्रत्येक टाक्याला बघणारं कुणीतरी होतं.

मशीनच्या सुईला ते जमत नाही. हाताची सुई कापडातून आरपार जाते आणि दोऱ्याला घेऊन दुसऱ्या बाजूला निघते. मशीनची सुई आली तशीच परत वर जाते, म्हणून तिला खाली कुणीतरी लागतं. एकाच दोऱ्याचं मशीनही निघालं होतं. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 मध्ये ते केलं. त्याचा टाका साखळीचा होता. साखळीचा टाका आपण सगळ्यांनी पाहिलाय. खताच्या गोणीचं तोंड ज्या दोऱ्याने शिवलेलं असतं तोच. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत गोणी उघडते, चुकीचं टोक धरलं की सगळं घर कात्री शोधायला लागतं. अंगावर घ्यायच्या वस्तूला तसा टाका नको. पुढे अमेरिकेत 1846 मध्ये एलायस हाव याने टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांच्यावर पेटंट घेतलं, 1851 मध्ये सिंगरने आपलं मशीन आणलं, आणि तेव्हापासून आपल्या घरातल्या काळ्या मशीनपर्यंत तत्त्व तेच आहे. सुई खाली जाऊन थोडी वर येते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फासा सुटतो, खालचं शटल तो फासा पकडतं, खालचा दोरा गुंडाळलेल्या बॉबिनभोवती फिरवतं, आणि दोन दोऱ्यांची आढी पडते. वरचा दांडा दोरा वर ओढून घेतो तेव्हा ती आढी कापडात शिरते.

ती आढी नेमकी कुठे थांबणार एवढाच सगळा प्रश्न आहे. कापडांच्या थराच्या मधोमध थांबली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. वरच्या दोऱ्याची ओढ जास्त झाली तर आढी वर येते आणि खालच्या दोऱ्याचे ठिपके समोर दिसायला लागतात. खालच्याची ओढ जास्त झाली तर वरचा दोरा मागच्या बाजूला उतरतो. ब्लाऊजचं कापड इतकं पातळ असतं की ही आढी जरा इकडे, जरा तिकडे झाली तरी शिवण टिकते आणि आत अस्तरात लपूनही जाते. गोधडीत तसं नाही. गोधडीत मागची बाजूही अंगाला लागते. एक बरं आहे, जाड थरात आढीला लपायला जागाही जास्त असते. म्हणून कापूस भरलेली जाडजूड गोधडी पुष्कळदा पातळ दुपट्यापेक्षा सोपी जाते. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुली पातळ कापडावर हात बसवायला जातात आणि हैराण होतात. त्यांना मी सरळ जाड तुकडा देते.

बायका चकतात ते इथे. फासे मागे दिसतात, म्हणून हात खाली जातो. बॉबिनची डबी बाहेर काढतात, तिच्यावरचा इवलासा स्क्रू फिरवतात, दोष वाढतो, आणखी फिरवतात. तो स्क्रू एकदा निखळून फरशीच्या फटीत गेला की संध्याकाळ संपली. मागे दिसणारे फासे वरच्या दोऱ्याचे असतात. तो सैल सुटलाय म्हणून खाली आलाय. खालच्या दोऱ्याने काही केलेलं नसतं, तो आपलं काम करत असतो. पाचकंदीलजवळ मशीन दुरुस्त करणारे एक आप्पा होते, आता बसत नाहीत, ते हे बैलांवरून सांगायचे. जोडीतला एक अंगचोर निघाला की मान दुसऱ्याची सोलून निघते. मलम दुसऱ्याला लावतोस ते ठीक, पण पराणी कोणाला दाखवायची ते बघ. आणि मग अहिराणीत, माझ्याकडे न बघताच, “वरना दोरा देख व माय. खालना सोड.”

आप्पांची एक रीत होती आणि मी अजून तीच धरून आहे. मशीनवर आकड्यांची चकती असते ती सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाने मशीन ठेवलं की ते पहिल्यांदा वरचा दोरा पूर्ण काढून टाकायचे, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलायचे आणि दोरा नव्याने ओवायचे. बस. निम्मी मशीनं तिथेच सुरू व्हायची आणि आप्पा पैसे घ्यायचे नाहीत. त्याचं कारण साधं आहे. दोरा ज्या दोन गोल पत्र्यांमधून जातो ते पत्रे मशीनचा पाय वर असताना सुटे होतात आणि पाय खाली आला की दोऱ्याला चिमटीत धरतात. पाय खाली ठेवून ओवलं तर दोरा पत्र्यांच्या मध्ये शिरतच नाही, वरच्या वर राहतो. चकती 9 वर नेली तरी जो दोरा चिमटीत नाही त्याला ती काय करणार? मग खाली दोऱ्याचं घरटं जमतं, सुई अडकते, चाक फिरत नाही.

याचंच दुसरं रूप गोधडीत फार दिसतं आणि ते पुस्तकात वाचून लक्षात येत नाही. नक्षी काढताना आपण कापड पुढे ढकलणारे दाते खाली घेतो आणि रफूचा पाय लावतो, म्हणजे कापड हाताने हवं तिकडे फिरवता येतं. हा पाय कापडावर घट्ट दाबून बसत नाही, सुईबरोबर उड्या मारतो. खाली गोधडीचा ढीग. त्यात पाय वर-खाली करायची मागची कळ खाली पाडायची राहून गेली तरी समोरून काही फरक दिसत नाही. कापड आहे, पाय आहे, सुई चालतेय. पण कळ वर म्हणजे पत्रे सुटे, म्हणजे वरच्या दोऱ्याला ओढच नाही. समोर सुंदर वेल निघतो आणि मागे जंगल होतं. शेजारची एक मुलगी हौसेने अख्खी मोराची पिसं शिवून आली होती. समोरून बघणाऱ्याने टाळ्या वाजवल्या असत्या.

ओवणं झालं की सुई. सुईच्या बाबतीत आपल्या बायका इतक्या काटकसरी का असतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. पाचशे रुपयांचं कापड बिनधास्त कापतील, पण दहा रुपयांची सुई मोडेपर्यंत बदलणार नाहीत. आप्पा सुई काढून काचेवर सपाट ठेवायचे आणि एका डोळ्याने बघायचे. “सुई देख पहिले,” हे त्यांचं दुसरं वाक्य. वाकडी सुई शटलपासून दूर जाते, फासा कधी पकडला जातो, कधी निसटतो, आणि टाका कधी सैल, कधी घट्ट दिसतो. बाई म्हणते टेन्शन राहत नाही. सुईचा आकडाही महत्त्वाचा. पाकिटावर 90/14, 100/16 असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 100 म्हणजे एक मिलिमीटर. जाड सुई मोठं भोक पाडते आणि आढीला आत शिरायला वाट देते. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असतील आणि 11 नंबरची ब्लाऊजची सुई लावली असेल तर आढी वरच्या वर अडकून बसते, आत ओढलीच जात नाही. तिथे चकती फिरवून उपयोग नाही. मी 16 लावते. कडेला, जिथे पट्टी दुमडून आणखी थर चढतात तिथे 18. दोऱ्याचा तोच तोच भाग कापडात बसण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा मागेपुढे घासला जातो, त्यामुळे जाड दोऱ्याला बारीक नेढं दिलं तर तो पिंजून तुटतो. तुटला की पुन्हा दोष टेन्शनलाच.

खानदेशात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कापूस. आम्हाला भरायला कापूस विकत आणायला लांब जावं लागत नाही. जिनिंगमधली ओळख असते, नाहीतर घरच्या शेतातला राहिलेला कवडीचा कापूस पिंजून घेतला जातो. त्या कापसात सरकीची फुटलेली टरफलं असतात, पानाचा चुरा असतो. सुई त्या टरफलावर आपटली की तेवढ्यापुरती वाकते आणि एक टाका चुकतो. हे झालं वरचं. खाली त्याहून वाईट होतं. सुतीच कापड, सुतीच दोरा आणि आत सुटा कापूस, त्याचा भुगा झडून दात्यांच्या खाली आणि बॉबिनच्या डबीत जमतो. तिथे तेलाचा थेंब पडलेला असतो. तेल आणि भुगा मिळून राखाडी नमद्यासारखा थर बसतो. डबीवर जी पातळ पट्टीची स्प्रिंग असते तिच्याखाली दोरा दाबला जातो. त्या पट्टीखाली भुग्याचा एक कण अडकला तरी पट्टी उचललेली राहते आणि खालचा दोरा एकदम सैल होतो. मग समोर सुरेख, ताणलेला, कापडावर पडलेला वरचा दोरा. वरची ओढ होती तेवढीच होती, खालचं धरणंच सुटलं.

मी एक गोधडी संपेपर्यंत दोन-तीनदा सुईखालचा पत्रा काढून ब्रशने तळ साफ करते. स्प्रिंगखाली टाचणी घालत नाही, त्याने ओरखडा पडतो आणि मग दोरा कायमचा तिथे अडतो. जाड कागदाचा कोपरा, लग्नपत्रिकेचा चांगला, तो पट्टीखालून सरकवायचा. पत्रिका घरात कमी नसतात. फुंकर मारू नये. ओलसर श्वासाने भुगा आणखी आत जाऊन बसतो. तेल दिल्यावर आधी चिंधीवर थोडं शिवावं, नाहीतर पांढऱ्या मांजरपाटावर पहिला ठिपका काळा येतो आणि गिऱ्हाईक तेवढंच बघतं.

दोऱ्याबद्दल बोलायला बसले तर संपणार नाही, म्हणून थोडंच. रिळावर 40, 60 असे आकडे असतात आणि आकडा मोठा तर दोरा बारीक. एक किलो दोरा 40 किलोमीटर भरला तर तो 40 नंबर, 60 किलोमीटर भरला तर 60. गोधडीला वर 40 चा सुती मला आवडतो. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून बायकांना प्रिय, पण तो ताणला जातो. बॉबिनवर भरताना वेगाने ताणून भरला तर बॉबिनवर तसाच ताणलेला बसतो, शिवणीत गेल्यावर आखडतो, आणि सकाळी सपाट असलेली गोधडी संध्याकाळपर्यंत चुण्या धरते. बॉबिन भरताना घाई करू नये एवढंच. सुती दोऱ्याचा त्रास वेगळा. कापसाचा धागा ओला असताना जास्त मजबूत असतो आणि कोरडा पडला की तुटायला लागतो. माझे मामा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये सूतखात्यात होते. ते सांगायचे की सूत तुटू नये म्हणून तिथे हवेत मुद्दाम दमटपणा ठेवायचे, आणि बाहेर लू चालत असायची. धुळ्याच्या एप्रिलमध्ये माझ्याकडे मिल नाही. मी रात्री रीळ माठाच्या तिवईखाली ठेवते. सकाळी त्याच चकतीच्या आकड्यावर दोरा तुटायचा थांबतो. जुनं, वर्षानुवर्षं खिडकीत पडलेलं रीळ असेल तर तेही नको; हाताला गुंडाळून झटका द्यावा, टच्‌कन तुटलं तर ते बटणं लावायला ठेवावं.

एवढं सगळं झाल्यावर मी चकतीकडे येते. तेव्हाही थेट गोधडीवर नाही. त्याच लुगड्याचे, त्याच कापसाचे, तेवढ्याच थरांचे हातरुमालाएवढे तुकडे करून ठेवते, वर लाल दोरा, खाली हिरवा, आणि शिवून बघते. लाल मागे दिसला तर चकती अर्धा आकडा पुढे. हिरवा समोर दिसला तर अर्धा मागे. अर्धाच. एकदम 3 वरून 6 वर उडी मारणाऱ्या बायकांना नंतर आपण कुठून निघालो ते आठवत नाही. जमलं की त्या तुकड्यावरच बॉलपेनने लिहिते: चकती 4, सुई 16, सुती 40, सहा थर. असे तुकडे बिस्किटांच्या डब्यात साठलेत. एकाच मशीनवर एकाचा आकडा अडीच आहे, एकाचा साडेपाच. म्हणून फोनवर आकडा सांगत नाही.

खालच्या स्क्रूला हात लावायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते, ती बहुतेक जाड किंवा फार बारीक दोरा बॉबिनमध्ये घालायचा असतो तेव्हा. आप्पांची परीक्षा सोपी होती. भरलेली बॉबिन डबीत घालायची, दोऱ्याला धरून डबी हवेत लोंबकळत ठेवायची. ती आपल्या वजनाने सरसर खाली गेली तर सैल. झटका दिला तरी जागची हलली नाही तर घट्ट. हलक्या झटक्याला चार-पाच बोटं उतरून थांबली तर ठीक. स्क्रू फिरवायचा तो पाव फेऱ्याइतका, त्याहूनही कमी, आणि खाली पांढरा टॉवेल अंथरून. मी आधी स्क्रूच्या खाचेची दिशा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवते. आप्पा खडूने खूण करायचे.

इतकं करूनही एक गोधडी अशी येते की तिच्यापुढे सगळे आकडे खोटे पडतात. आजच्या साड्यांची. आईच्या पिढीच्या गोधडीत सगळं सुती होतं. आता पिशवीतून निघतं एक सुती नऊवारी, दोन नायलॉन, एक जॉर्जेट आणि मुलीच्या साखरपुड्याची जरीची. नायलॉनवर आढी घसरते, सुतीत रुतते, जरीवर दोरा तुटतो. एकाच रेघेत मशीन तीन कापडांवरून जाणार आणि चकती एकच. वर आणखी, नायलॉनचे थर एकमेकांवर सरकतात. खालचा थर दात्यांनी पुढे जातो, वरचा पायाखाली मागे राहतो, चुण्या पडतात आणि त्याचंही खापर टेन्शनवर फुटतं. त्यावर उपाय कच्च्या टाक्यांचा, भरपूर, वीतभर अंतरावर, किंवा वरचा थरही बरोबर ढकलणारा चालता पाय मिळतो तो. टेन्शनचा मात्र नाही. अशा गोधडीला मी मधला आकडा धरते, वर-खाली एकाच रंगाचा दोरा घालते आणि मागे बारीक फुलांचं छापील अस्तर लावते. आढी कुठेतरी वर येणारच, ती फुलांत कुणाला सापडत नाही. ही लबाडी आहे असं कुणाला वाटलं तर वाटो. आईची नायलॉनची साडीही गोधडीत असावी असं लेकीला वाटत असेल, तर ती वगळून टाका सुधारण्यापेक्षा मी अस्तर बदलीन.

वळणांचंही थोडं. सरळ रेषेत टाका उत्तम आणि वेलाच्या वळणावर मागे फासे, अशी तक्रार असेल तर मशीन निर्दोष आहे. वळण आलं की मशीन चालवणारा आपला पाय आपसूक हळू होतो, सुई मंदावते, आणि हात मात्र गोधडी भर्रकन फिरवून घेतात. कापड सुईला बाजूला खेचतं, सुई वाकते, दोरा वळणाच्या आतून मागे ओढला जातो. पायडलच्या मशीनवर हे कमी होतं, कारण पायाची लय हाताला बांधलेली असते. मोटर लावलेल्या मशीनवर मी मुलींना तोंडाने एक-दोन एक-दोन म्हणायला लावते. हसतात, पण वळणं सुधारतात.

परवा एक बाई शिरपूरकडून आल्या. परगावी एका प्रदर्शनात घेतलेली गोधडी, मोठी, महागाची, नातवासाठी. पहिल्याच धुण्यात मागचे फासे लोंबायला लागलेले. त्यांना वाटत होतं की मी मशीनवर काहीतरी फिरवून ते आत घेईन. शिवून झालेला टाका घट्ट करता येत नाही, तो उसवावाच लागतो, हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग मी एक रेघ घेतली. खालचा दोरा पूर्ण ताठ, सरळ, वरचा नुसता त्याच्याभोवती अडकलेला. सरळ दोऱ्याचं टोक उचलून हळूच ओढलं तर तो हातभर एकसंध निघून आला आणि वरचे टाके आपोआप सुटून मोकळे झाले. चांगली शिवण उसवायची तर टाक्याटाक्याला कात्री लागते, डोळे जातात. बिघडलेली अशी निघते.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. पदर खोचून ओट्यावर बसल्या, गोधडी मांडीवर घेतली आणि दोरे ओढायला लागल्या. शेजारच्या जिजी बाहेर उन्हात बसल्या होत्या, त्यांनी काही न विचारता दुसरा कोपरा ओढून घेतला.

“उसवणं मी करी देस,” बाई म्हणाल्या, “मंग शिवाना पैसा कमी लेशी ना?”

मी म्हटलं, उसवायचे मी धरलेच नव्हते. पण आत कापूस सुटा निघाला तर पिंजायचे वेगळे होतील.